बेबीताईचं माप

बेबीताईच्या दुकानात पाऊल ठेवलं की आपली तब्येत आपल्याला कळते. आरसा आपलं मन राखतो, वजनकाटा पलंगाखाली ढकलून ठेवता येतो, पण बेबीताईच्या तोंडाला कुलूप नाही. टेप अंगाभोवती घेते न घेते तोच सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "मॅडम, अर्धा इंच वाढल्या तुमी." आणि नेमक्या तेव्हाच बाकावर चार बायका बसलेल्या असतात. एकदा मी चिडून म्हटलं, की हे हळू सांगितलं तरी चालतं. तर म्हणाली, हळू सांगून इंच कमी झाला असता तर हळूच सांगितलं असतं.

मी पिंपळगाव राजाला आले ती लग्न होऊन. खामगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, रोज एसटीनं जाते-येते. बेबीताईचं दुकान माझ्या स्टँडच्या वाटेवर. घराचाच पुढचा खण, त्यात दोन मशिनी, कापायचं टेबल, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. नवरा इंद्रभानभाऊ खामगावच्या कापसाच्या जिनिंगात कामाला. माणूस इतका शांत, की घरात असला तरी विचारावं लागतं, भाऊ घरी आहेत का. थोरला संघर्ष ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका सेंटरवर बसतो. धाकटी महामाया, बी.ए.ला. घरात आवाज एकटीचाच, आणि तो बेबीताईचा.

तिचा गावात दबदबा आहे, आणि तो नुसत्या आवाजाचा नाही. तिच्या हातचा ब्लाऊज कधी परत येत नाही. मलकापूरकडे दिलेली एक मुलगी वर्षानं माहेरी आली आणि तक्रार करू लागली, की ब्लाऊज तंग झाला. बेबीताईनं आधी ब्लाऊज मोजला, मग मुलीला मोजलं, आणि म्हणाली, "ब्लाऊज थोच हाये. तू थे नाई राह्यली." मुलगी चिडली नाही, उलट तिथेच दुसरा शिवायला टाकून गेली. बेबीताईशी भांडून कोणी जिंकलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तिच्या गळ्यातला टेप मेणकापडाचा, पिवळा. कधीकाळी पिवळा होता म्हणू या. खामगावला शालूबाई म्हणून एक जुन्या शिवणकामवाल्या होत्या, त्यांच्या हाताखाली बेबीताई शिकली. लग्नात त्यांनी भांडं-कुंडं न देता स्वतःच्या गळ्यातला टेप काढून हिच्या गळ्यात घातला. आकडे निम्मेअर्धे पुसले गेलेत, पण बेबीताईला ते वाचायची गरज पडत नाही, बोटांनी कळतात. माप घ्यायच्या आधी टेप दोन्ही हातांत धरून एकदा झटक्यानं ताणून घ्यायचा, ही शालूबाईंची शिकवण. ढिल्या टेपाचं माप ढिलं येतं म्हणे. दिवसातून कितीतरी वेळा तो फट् असा आवाज दुकानातून ऐकू येतो.

मला मात्र तिची आणखी एक गोष्ट फार आवडायची. मापात ती पाव इंचाच्या खाली जात नाही. मी नवी नवी असताना विचारलं होतं, की मधे कुठेतरी आलं तर काय करता? तर सुई तोंडात धरूनच म्हणाली, "पाव इंचाच्या खाली कापडाची मर्जी. तिथं आपुन बोलू नाई."

मी अक्षरशः बाकावर सरळ बसले. कारण हेच एक वाक्य मी अकरावीच्या पोरांच्या डोक्यात घालायचा वर्षानुवर्षं प्रयत्न करतेय. पुस्तकात त्याला सार्थ अंक म्हणतात. म्हणजे साधं आहे: आपल्या साधनानं जेवढं खरंच मोजता येतं तेवढेच आकडे लिहावेत, पुढचे लिहू नयेत, कारण ते आपल्याला माहीतच नसतात. माझी पोरं काय करतात? लाकडी पट्टीनं दोरी मोजतात, मोबाईलवर भागाकार करतात आणि पडद्यावर जेवढे आकडे दिसतील तेवढे सगळे उतरवून काढतात. दहा-दहा आकडे. पोरांच्या हाती कॅल्क्युलेटर म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मी ओरडते, अरे, तुझ्या पट्टीला मिलिमीटरच्या खालचं दिसत नाही, तुला हे कुठून दिसलं? तर म्हणतात, मॅडम, उत्तर अचूक पाहिजे ना. जितके जास्त आकडे तितकं जास्त खरं, अशी या जगाची समजूत झाली आहे, आणि ती मी मरेपर्यंत काही जायची नाही.

आता महामायेबद्दल. ही पोरगी धावायची. सुई हातात घेतली की तिला झोप यायची, पण पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पाच-सहा मुली पळायच्या त्यात सगळ्यांत पुढे ही. हल्ली आमच्या भागात प्रत्येक गावाच्या रस्त्यावर अशा मुली दिसतात, कानाला ओढणी गुंडाळून पळणाऱ्या. सगळ्यांचं एकच, पोलीस भरती. पळता पळता पुस्तकातले प्रश्न एकमेकींना विचारतात. महामायेला पाहिलं की मला वाटायचं, हिला कोणी अडवू शकत नाही. बेबीताईही बाहेरून कितीही कुरकुरली तरी गिऱ्हाइकांपुढे हळूच सांगायची, की आमची महामाया वर्दीत दिसली म्हणजे वर्दी मीच फिटिंग करून देईन, सरकारी शिलाई पोत्यासारखी असते.

पोळ्याच्या सुमारास भरती निघणार निघणार अशी हवा झाली. मुलींसाठी उंची एकशे पंचावन्न सेंटीमीटर लागते. मागच्या भरतीत गावातली राखी उंचीच्याच रांगेतून परत आली होती. शेकडो मुलींपुढून एकटीनं फाटकाबाहेर यायचं, ते तिनं सांगितलेलं सगळ्या मुलींच्या मनात बसलेलं. म्हणून संघर्ष म्हणाला, आधी घरीच मोजून घेऊ. आणि घरात मोजायचं तर मोजणार कोण, हा काही प्रश्नच नव्हता.

महामायेला दाराच्या चौकटीला टाच लावून उभं केलं. डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, खडूनं खूण केली. बेबीताईनं टेप फट् करून ताणला आणि खालून वर लावत नेला. टेप साठ इंचांचाच असतो, तो जिथे संपला तिथे नखानं खूण केली, मग वरचं मोजलं. पाच फूट एक इंच. बेबीताई म्हणाली, बरोब्बर. आणि तिनं बरोब्बर म्हटलं की विषय संपतो.

पण जाहिरात सेंटीमीटरात. संघर्षनं मोबाईल काढला आणि एकसष्ट गुणिले दोन पॉइंट चोपन्न केलं. उत्तर आलं एकशे चोपन्न पॉइंट चौऱ्याण्णव.

पॉइंट झिरो सहानं कमी.

मी दुसऱ्या दिवशी ब्लाऊजची बाही कमी करायला गेले तेव्हा हे कळलं. महामाया दुकानाच्या कोपऱ्यात एका साडीला फॉल लावत बसली होती. फॉल लावत! मला आधी हसूच आलं, कारण मला वाटलं गंमत चालली आहे. मग तिचा चेहरा पाहिला. रडून झालेला चेहरा लपत नाही. बेबीताई मशीन चालवत होती आणि वर बघत नव्हती.

मी माझ्या परीनं सगळं सांगितलं. म्हटलं, पॉइंट झिरो सहा म्हणजे नखाची जाडी. तुमच्या खडूची रेघ त्याहून जाड आहे. तुम्ही मोजलं पाव इंचाच्या हिशेबानं, मग सेंटीमीटर केल्यावर एकशे पंचावन्नच्या आसपास एवढंच म्हणता येतं. ते चौऱ्याण्णव महामायेचे नाहीत, मोबाईलचे आहेत. ती थोडी वर असेल, थोडी खाली असेल, या मापावरून कळतच नाही. मी कॉलेजातून मीटरपट्टी आणते, नीट मोजू.

इथे बेबीताईचं मशीन थांबलं. माझं म्हणणं तिला एवढंच ऐकू आलं, की तुमचं माप कच्चं आहे. तिनं मला शांतपणे विचारलं, की मॅडम, माझ्या मापाचा एक तरी ब्लाऊज तुम्हाला वेडावाकडा बसला का आजवर? मी नाही म्हटलं, कारण खरोखर नाही. मग ती म्हणाली, तुमची पट्टी शाळेच्या लेकरांसाठी ठेवा. मला राग आला. मी तशीच निघाले, बाही तिथेच राहिली.

जाताना महामाया दारापर्यंत आली. तिचं म्हणणं वेगळंच होतं. मापावर तिचा आईपेक्षा जास्त विश्वास होता, आणि भीतीही. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, तुमच्या पट्टीनं अजून कमी निघाली तं?" निघूही शकली असती. मीसुद्धा बेबीताईचं माप पाव इंचापर्यंत तरी पक्कं धरून चालले होते. त्यावर शंका घ्यायचं तर मलाही सुचलं नाही.

त्यानंतर महामाया पळायची थांबली. रस्त्यावरच्या मुली तिच्याविना पळायला लागल्या. इंद्रभानभाऊ एकदा स्टँडवर भेटले, तेव्हा आपणहून बोलले, म्हणजे गोष्ट किती लागली असेल बघा. म्हणाले, पोरगी जेवते, काम करते, सगळं करते, पण घरात आहे असं वाटत नाही. मी म्हटलं, फॉर्म तरी भरा. ते म्हणाले, तिला राखीसारखं परत यायचं नाही. बेबीताईचा आवाजही खाली आला होता. माझ्या वाढलेल्या अर्ध्या इंचाबद्दल ती बाकावरच्या बायकांना सांगेनाशी झाली, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं.

दिवाळीनंतर लग्नसराई आली. माझी बहीण पुष्पांजली अकोल्याला असते. तिच्या नणंदेचं लग्न ठरलं आणि तिला बेबीताईच्याच हातचा ब्लाऊज हवा होता, माझे बघून बघून हावरी झाली होती. पण यायला वेळ नव्हता. बेबीताईचा नेम असा, की अंग समोर असल्याशिवाय किंवा तिनंच शिवलेला जुना ब्लाऊज नमुन्याला असल्याशिवाय ती कात्री हातात घेत नाही. फोनवरचं माप घेणं म्हणजे तिच्या दृष्टीनं फोनवर जेवण्यासारखं. मी फार आर्जवं केली. तिचं मन तेव्हा कशातच नव्हतं, म्हणून बहुतेक हो म्हणाली. पुष्पांजलीनं अकोल्यात स्वतःच्या टेपानं स्वतःला मोजून आकडे सांगितले, छाती छत्तीस वगैरे, आणि बेबीताईनं त्या आकड्यांवर शिवला.

ब्लाऊज ढिला झाला. पाठीला झोळ, बाही कोपराकडे घसरलेली.

पुष्पांजली माझ्यासारखी मवाळ नाही. लग्न उरकल्यावर ती ब्लाऊज घेऊन थेट पिंपळगावला आली, आणि आकडे आपण चुकीचे सांगितले नव्हते हे दाखवायला स्वतःचा टेपही पर्समध्ये घालून आली. मी वाटेत तिला दहादा बजावलं, की नीट बोल. दुकानात झुंबरबाई बसल्या होत्या. या झुंबरबाईंना गावातली बातमी सांगावी लागत नाही, त्यांच्याकडूनच ती निघते. त्यांच्यासमोर पुष्पांजलीनं ब्लाऊज टेबलावर टाकला आणि म्हणाली, मी छत्तीस सांगितलं, हा छत्तीस नाही.

बेबीताईच्या आयुष्यात पहिल्यांदा ब्लाऊज परत आला होता. तिनं तो पसरला, टेप ताणला, मोजला, आणि टेपाचं टोक पुष्पांजलीपुढे धरलं. शिवताना ढिलाईसाठी सोडलेलं कापड धरूनही हिशेब अगदी बरोबर येत होता. पुष्पांजलीनं आपला टेप काढला आणि त्याच ब्लाऊजला लावला. तिच्या टेपावर पाऊण इंच जास्त.

आता दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी पुढे झाले नाही, मागेच उभी राहिले. बेबीताईनं पुष्पांजलीचा टेप घेतला, टेबलावर सरळ घातला. त्याच्या शेजारी आपला. दोघांची टोकं जुळवली, वर कात्री ठेवली, आणि हात फिरवत पुढे नेला. सुरुवातीला फरक दिसेना. नव्या टेपाच्या छत्तिसापाशी बेबीताईच्या टेपावर सव्वापस्तीसच होते. नवा साठावर संपला तेव्हा हिचा साठाचा आकडा त्याच्याही पुढे सव्वा इंच जाऊन पडला होता.

वर्षानुवर्षं ताणून ताणून टेप लांबला होता. ताणलेल्या टेपाचा इंच खऱ्या इंचाहून मोठा, म्हणून त्यानं मोजलेलं सगळं कमी भरायचं. आणि इतक्या वर्षांत हे कोणालाच कळलं नाही, कारण अंगही त्यानंच मोजलं जायचं आणि कापडही त्यानंच. दोन्हीकडे सारखंच खोटं, म्हणून ब्लाऊज खरा. माप त्या दुकानाबाहेर कधी गेलंच नव्हतं. बाहेरच्या मापाशी त्याची गाठ पडली ती दोनदाच. एकदा अकोल्याहून आकडे आले तेव्हा, आणि एकदा महामायेचं माप सरकारी सेंटीमीटरात गेलं तेव्हा. हे मी आता मांडून सांगतेय, तेव्हा मला एवढं सगळं सुचलं नव्हतं. बेबीताईला मात्र सुचलं असावं. ती खाली बाकावर बसली.

झुंबरबाईंनी मान पुढे काढली होती. आता बोललं तर हे संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे मला दिसत होतं, आणि बेबीताईलाही दिसत होतं. टेप गुंडाळून मशिनीच्या खणात टाकणं सोपं होतं. पुष्पांजलीला ब्लाऊज आवळून दिला असता, नवा टेप खामगावहून आणला असता, कोणाला काही सांगायची गरज नव्हती. झुंबरबाईंना तर अजून नीटसं काही कळलंही नव्हतं. मी बघत होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते, बोल बाई, आता बोल.

तिनं आत हाक मारली. महामाया साडी हातात घेऊनच आली.

"महामाये, माह्या टेपच खोटा हाये," बेबीताई म्हणाली. "तुले म्या कमी मोजली. चाल, चौकटीले उभी राह्य."

महामाया हलली नाही. आम्हाला वाटलं होतं ती आनंदानं उडी मारेल. ती म्हणाली, की आता या टेपानं काही निघेल, उद्या भरतीच्या ग्राउंडावर तिसरंच निघेल, मला आता कोणी मोजू नका. आवाज चढलेला नव्हता, त्यानंच जास्त लागलं. जिच्या शब्दावर तिनं स्वप्न सोडलं तीच आता शब्द फिरवत होती. मी तिच्या जागी असते तर भांडले असते.

बेबीताई उठली, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मी पाव इंचाच्या खाली कधी बोलली नाई. संघर्षच्या मोबाईलमंधी दोन आकडे जास्तीचे निंघाले, अन् म्या थे माह्येच समजली. मले म्हनायले पायजे होतं, का एवढं माह्या टेपाले दिसत नाई. म्या नाई म्हटलं. मोठेपणा नडला मले." मग म्हणाली, "आता मी नाई मोजत. मॅडम मोजतीन. चार डाव मोजतीन."

मी मोजलं. पुष्पांजलीच्या टेपानं मोजलं, दुसऱ्या दिवशी कॉलेजातून मीटरपट्टी आणून मोजलं, सकाळी मोजलं, संध्याकाळी मोजलं, कारण माणूस सकाळी थोडा उंच असतो आणि दिवसभरात जरा खचतो. दर वेळी आकडा किंचित वेगळा येई. संघर्षनं विचारलं, नक्की किती ते सांगा ना. मी म्हटलं, नक्की एवढंच सांगते, की एकशे सत्तावन्नच्या खाली नाही आणि एकशे एकोणसाठच्या वर नाही. त्याला ते उत्तर काही पटलं नाही. महामायेला पटलं. ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, म्हणजे एकशे पंचावन्न कुठेच येत नाही. म्हटलं, कुठेच येत नाही.

फॉर्मची मुदत तोवर वाढवून मिळाली होती, ती तशी मिळतेच. संघर्षनं त्याच आठवड्यात फॉर्म भरला. महामाया पुन्हा रस्त्यावर दिसू लागली, पण आता ती मुलींच्या मागे असायची. पोळ्यापासून दिवाळी ओलांडेपर्यंत जे पाय फॉल लावत बसले होते ते एवढ्या लवकर कसे ऐकणार? बेबीताई पहाटे तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत जायची आणि शाल गुंडाळून मैलाच्या दगडावर बसून राहायची. ग्राउंडाची तारीख फार लवकर लागली.

बुलढाण्याला मीही गेले. बेबीताईनं बोलावलं नसतं तरी गेले असते. खामगावहून एसटी घाट चढायला लागली तेव्हा बाहेर धुकं होतं आणि बेबीताई खिडकीशी बसली होती. हातात नुसती पाण्याची बाटली घट्ट धरलेली. मी गमतीनं म्हटलं, बेबीताई, आज माझं माप सांगा ना, वाढले का? तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घाटावर थंडी भारी. फाटकाबाहेर आईबापांची गर्दी, आत मुलींच्या रांगा. पहिली उंचीचीच. तिथून मुली परत येताना आम्ही पाहिल्या, एक, मग आणखी एक, ओढणी तोंडाला लावून. प्रत्येक वेळी बेबीताई उठून उभी राहायची. बऱ्याच वेळानं महामाया तारेच्या कुंपणापाशी धावत आली. छातीवर नंबर लावलेला होता.

"किती?" बेबीताईनं विचारलं.

"एकशे अठ्ठावन्न."

मला वाटलं बेबीताई आता हात जोडेल, रडेल, काहीतरी करेल. तिनं कुंपणाच्या तारेतून बोटं घालून पोरीचं मनगट धरलं. बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. आतून शिट्टी झाली तेव्हा सोडलं.

मग आठशे मीटर. आम्हाला नीट दिसत नव्हतं, मैदानाचा एक कोपरा तेवढा दिसायचा. तिथून महामाया पहिल्यांदा गेली तेव्हा पुढच्या चौघींत होती. पुढच्या फेरीला मागून दुसरी की तिसरी. तोंड उघडं, हात खाली आलेले. मी मोठ्यांदा तिचं नाव घेतलं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नसावं. बेबीताईनं डोळे मिटून घेतले होते. बाहेर आल्यावर महामाया एवढंच म्हणाली, की शेवटी पायच उचलले नाहीत. परतीच्या एसटीत ती आईच्या खांद्यावर झोपून गेली आणि बेबीताई खामगाव येईपर्यंत त्या खांद्यानं हलली नाही.

यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. थोड्या गुणांनी राहिलं. पळण्यातले गुण गेले होते, बाकी सगळं चांगलं होतं. मी हे कळल्यावर दोन दिवस त्या वाटेनं गेले नाही, दुसऱ्या गल्लीतून स्टँड गाठला. तिसऱ्या दिवशी गेले, तर झुंबरबाई मापाला उभ्या होत्या, आणि बाकावर आणखी दोघी. बेबीताईच्या गळ्यात नवा टेप होता, पांढरा. माप घेता घेता झुंबरबाईंनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, जाऊ दे बेबीताई, पोरीचं नशीबच कमी, एवढी उंची भरूनही कुठेतरी कमी पडलीच. बोलल्या त्या मायेनंच. पण आतल्या खोलीत महामाया होती, आणि तिला ते ऐकू गेलं असणार, हे मला कळलं आणि मी चरफडले.

बेबीताईनं टेप झुंबरबाईंच्या खांद्यावर तसाच सोडला. तिचा तो जुना आवाज, जो मी पोळ्यापासून ऐकला नव्हता, तो परत आला, आणि तो बाकावर, रस्त्यावर, शेजारच्या किराण्यात, सगळीकडे ऐकू गेला असेल.

"पोरगी कमी नाई पडली, झुंबरबाई. तिले कमी म्या मोजली. कोणी इचारलं तं असंच सांगजा."

झुंबरबाईंनी मान हलवली. आतून महामाया बाहेर आली, पायात बूट होते. आईकडे बघून म्हणाली, "माय, मी पळायले जाऊन राह्यली," आणि आमच्या मधून वाट काढत रस्त्यावर गेली.